इथिओपियाला जाण्याआधी: नकाशा, पंचांग, घड्याळ आणि ताट

मुंबईहून इथिओपियाची राजधानी आदिस अबाबाला थेट विमान आहे आणि ते साधारण साडेपाच तासांत पोचतं. आफ्रिकेत कुठंही जायचं असलं तरी आपल्यापैकी अनेकांचं पहिलं पाऊल याच विमानतळावर पडतं, कारण नैरोबी, दार-ए-सलाम, जोहान्सबर्ग, लागोस इकडची पुढची विमानं इथूनच सुटतात. बहुतेक जण चार तास खुर्चीत बसून पुढं निघून जातात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की एकदा तरी बाहेर पडा आणि हा देश पाहायलाच या. मात्र येण्याआधी घरी बसून थोडा अभ्यास करा. इथं वर्ष वेगळं मोजतात, तास वेगळे मोजतात, लिपी स्वतःची आहे, उपासाचे नियम स्वतःचे आहेत, आणि हे सगळं रोजच्या वापरात आहे. आधीपासून ठाऊक असेल तर प्रवास सोपा होतो. ठाऊक नसेल तर बस चुकते, जेवण चुकते आणि माणसंही दुरावतात.

तयारी ज्या क्रमानं करावी, त्याच क्रमानं पुढं लिहिलं आहे.

सुरुवात इतिहासापासून

तिकिटाआधी इतिहास कशाला, असं वाटेल. पण इथल्या कुठल्याही गप्पांत दहा मिनिटांत अदवाचं नाव निघतं. १ मार्च १८९६ रोजी सम्राट मेनेलिक दुसरा आणि सम्राज्ञी तायतू यांच्या सैन्यानं अदवाच्या डोंगरांत इटलीच्या फौजेचा पराभव केला. युरोपीय सत्ता आफ्रिका वाटून घेत असताना हा देश स्वतंत्र राहिला. पुढं १९३६ ते १९४१ अशी पाच वर्षं मुसोलिनीच्या इटलीनं तो बळकावला होता, पण इथले लोक त्याला वसाहतकाळ म्हणत नाहीत, तात्पुरता कब्जा म्हणतात. ‘इटलीची वसाहत असताना’ अशी वाक्यरचना कटाक्षानं टाळा. आदिसच्या पियाझा भागात २०२४ मध्ये अदवा विजयाचं मोठं स्मारक-संग्रहालय उघडलं आहे. पहिल्याच दिवशी ते पाहिलं तर पुढचं बरंच काही उलगडत जातं.

इटलीचा तो कब्जा उठवणाऱ्या १९४१ च्या मोहिमेत भारतीय सैन्याच्या चौथ्या आणि पाचव्या डिव्हिजन होत्या. केरेनच्या अवघड लढाईत मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान लढले. केरेन आज शेजारच्या इरिट्रियात आहे. रेजिमेंटच्या युद्धसन्मानांत हे नाव आहे, पण आपल्या गावोगावच्या गप्पांत ते क्वचितच ऐकू येतं, याची मला खंत वाटते.

आपला त्याहून जुना धागा मलिक अंबरचा. सोळाव्या शतकाच्या मध्यात आजच्या इथिओपियात जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनेत आला आणि निजामशाहीचा सर्वात समर्थ वजीर झाला. १६१० मध्ये त्यानं खडकी वसवली, जी पुढं औरंगाबाद झाली आणि आज छत्रपती संभाजीनगर आहे. तिथली नहर-ए-अंबरी ही पाणीपुरवठ्याची योजना त्याचीच. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले होते. १६२६ मध्ये तो वारला. त्याची कबर खुलताबादेत आहे, म्हणजे वेरुळच्या लेण्यांपासून अगदी जवळ. जंजिऱ्याचे सिद्दीही याच पूर्व आफ्रिकी मुळाचे. ‘हबशी’ म्हणून ज्यांची नोंद आपल्या बखरींत येते, त्यांच्या देशात आपण जात आहोत, एवढं मनात असलेलं बरं.

आणखी एक गोष्ट. इथिओपिया म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांपुढं १९८३ ते ८५ च्या दुष्काळातली हाडकुळी मुलं येतात. तो दुष्काळ खरा होता आणि त्यात लाखो माणसं गेली. पावसानं दगा दिला होताच, पण १९७४ मध्ये सम्राट हाइले सेलासींना पदच्युत करून आलेल्या ‘दर्ग’ या लष्करी राजवटीची युद्धं आणि सक्तीची स्थलांतरं यांनी त्याचं रूप भीषण केलं. याच राजवटीनं विरोधकांना तुरुंगात डांबून मारण्याची ‘लाल दहशत’ माजवली. आदिसच्या मेस्केल चौकाजवळ त्या काळातल्या बळींचं संग्रहालय आहे. तिथं वाट दाखवणारे काही जण स्वतः त्या तुरुंगांतून आलेले असतात, म्हणून तिथं मोठ्यानं बोलू नका आणि घाई करू नका. देशाचं पठार हिरवंगार आणि शेतीचं आहे. भेटणाऱ्या माणसाशी दुष्काळाचा विषय आपणहून काढू नये.

दर्गची राजवट १९९१ मध्ये कोसळली, १९९३ मध्ये इरिट्रिया वेगळा झाला आणि इथिओपियाचा समुद्रकिनारा गेला. १९९५ च्या घटनेनं वांशिक-भाषिक आधारावर संघराज्य आणलं. अबिय अहमद २०१८ मध्ये पंतप्रधान झाले, २०१९ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं आणि २०२० च्या नोव्हेंबरात उत्तरेकडच्या तिग्राय प्रांतात युद्ध पेटलं. ते २ नोव्हेंबर २०२२ च्या प्रिटोरिया कराराने थांबलं. इथून पुढचा मुद्दा थेट तुमच्या सुरक्षिततेचा आहे.

नकाशा तुकड्यांत वाचा

‘इथिओपिया सुरक्षित आहे का?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. देश प्रचंड आहे आणि लोकसंख्या बारा कोटींच्या वर आहे. एका प्रांतात गोळीबार चालू असताना दुसऱ्या प्रांतात लग्नाचे मांडव पडलेले असतात. म्हणून प्रश्न असा विचारा: मी जाणार तो जिल्हा, तो रस्ता, तो महिना कसा आहे?

अम्हारा प्रांतात २०२३ पासून सरकारी सैन्य आणि ‘फानो’ हे सशस्त्र गट यांच्यात संघर्ष आहे. अडचण अशी की लालिबेला, गोंदर, बहिर दार आणि सिमिएन पर्वत ही पर्यटनाची मुख्य ठिकाणं याच प्रांतात येतात. ओरोमियाच्या काही भागांतही सशस्त्र गट आहेत आणि रस्त्यावरून अपहरणं झालेली आहेत. तिग्रायमध्ये युद्ध थांबलं असलं तरी सीमेलगतचे पट्टे टाळावेत. इरिट्रिया, सुदान, दक्षिण सुदान आणि सोमालिया यांच्या सीमांजवळ पर्यटकानं जाऊच नये.

तुलनेनं निवांत बेत असा आखता येतो: आदिस अबाबा, पूर्वेला विमानानं दिरे दावा आणि तिथून हरार, दक्षिणेला हवासा, अर्बा मिंच आणि रिफ्ट खोऱ्यातली सरोवरं. लालिबेला पाहायचंच असेल, आणि ते पाहावंच, तर त्या आठवड्याची परिस्थिती तपासून विमानानं जा आणि विमानानंच परत या. रस्त्यानं जाण्याचं धाडस नको.

तपासायचं कसं? निघण्याच्या दोन महिने आधी, पंधरा दिवस आधी आणि आदल्या दिवशी असं तीनदा बघा. भारतीय दूतावासाच्या सूचना वाचा, त्या प्रांतातल्या हॉटेलला थेट फोन करा आणि स्थानिक मार्गदर्शकाला विचारा. या तिघांची उत्तरं जुळली नाहीत तर तो टप्पा वगळा. आदिसला पोचल्यावर आपल्या दूतावासाला प्रवासाचा कार्यक्रम कळवून ठेवा. तणावाच्या काळात काही भागांतलं इंटरनेट बंद पडतं, म्हणून नकाशे, तिकिटं आणि हॉटेलचे पत्ते फोनमध्ये उतरवून घ्या आणि एक प्रत कागदावरही ठेवा.

कधी जायचं

पठारावर मोठा पाऊस जून ते सप्टेंबर असतो, म्हणजे आपल्यासारखाच. ऑक्टोबर ते जानेवारी हा उत्तम काळ: आकाश स्वच्छ, डोंगर अजून हिरवे, हवा थंड.

तारीख ठरवताना मात्र इथलं कॅलेंडर हाताशी हवं. वर्षात तेरा महिने असतात. बारा महिने प्रत्येकी तीस दिवसांचे आणि तेरावा ‘पागुमे’ पाच किंवा सहा दिवसांचा. नवं वर्ष ‘एन्कुतातश’ ११ सप्टेंबरला सुरू होतं आणि इंग्रजी लीप वर्षाच्या आदल्या वर्षी १२ सप्टेंबरला. वर्षाचा आकडा आपल्या इसवी सनापेक्षा सात किंवा आठनं मागं असतो. ११ सप्टेंबर २०२५ रोजी तिथं २०१८ साल लागलं. शालिवाहन शक आणि इसवी सन शेजारी शेजारी वापरणाऱ्या मराठी माणसाला यात अवघड काही नाही, पण व्यवहारात सावध राहावं लागतं. बसचं तिकीट, औषधाच्या पाकिटावरची मुदत, सरकारी पावती यांवर तारीख कुठल्या कॅलेंडरची आहे हे विचारून घ्या. विमानाची तिकिटं आणि व्हिसा यांवर मात्र आंतरराष्ट्रीय तारीखच असते.

सणांपैकी तीन लक्षात ठेवा. ‘मेस्केल’ हा येशूचा क्रूस सापडल्याचा सण बहुधा २७ सप्टेंबरला येतो. आदिसच्या मेस्केल चौकात आदल्या संध्याकाळी प्रचंड होळी पेटवतात. नाताळ म्हणजे ‘गेन्ना’ ७ जानेवारीला असतो आणि तेव्हा लालिबेलात पांढऱ्या शालींमधली हजारो माणसं डोंगर भरून टाकतात. ‘तिमकत’ हा प्रभूच्या बाप्तिस्म्याचा सण बहुधा १९ जानेवारीला. चर्चमधल्या पवित्र ‘ताबोत’ची, म्हणजे दहा आज्ञांच्या पाटीच्या प्रतिकृतीची, मिरवणूक पाण्याकाठी नेतात, रात्रभर जागर होतो आणि पहाटे पाणी आशीर्वादून लोकांवर शिंपडतात. आयुष्यात एक तिमकत पाहावा. फक्त त्या दिवसांत खोल्या फार आधी भरतात आणि दर चढतात.

कागद आणि लशी

भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. तो ऑनलाइन ई-व्हिसा म्हणून मिळतो. फक्त सरकारी संकेतस्थळावरूनच अर्ज करा, कारण हुबेहूब दिसणारी दलालांची पानं बरीच आहेत आणि ती दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. शुल्क आणि मुदती बदलत असतात, त्यामुळे अर्ज भरताना जे दिसेल तेच खरं माना.

पीतज्वराच्या लशीबाबत जरासुद्धा ढिलाई नको. ही लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल तर खरी अडचण तिथं नाही, परत येताना मुंबई विमानतळावर होते. पीतज्वराच्या देशातून वैध कार्डाशिवाय आलेल्या प्रवाशाला भारत सरकार सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतं. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होतं आणि पुढं आयुष्यभर चालतं. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली लस ग्राह्य धरत नाहीत. केंद्र सरकारनं मान्यता दिलेल्या केंद्रावरच ती घ्यावी लागते आणि तिथं आधी वेळ घ्यावी लागते. म्हणून हे काम महिनाभर आधी उरका. अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि साठीपुढच्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं.

मलेरिया आदिसमध्ये आणि उंच पठारावर सहसा नसतो. साधारण दोन हजार मीटरच्या खालच्या भागात मात्र धोका असतो, म्हणजे अर्बा मिंच, ओमो खोरं आणि दनाकिल. तिकडं जायचं तर गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा.

उंचीचंही बघा. आदिस अबाबा सुमारे २३५५ मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहून सातशे मीटर वर. पहिल्या दिवशी जिना चढताना धाप लागते, डोकं जड होतं. तो दिवस मोकळा ठेवा, पाणी भरपूर प्या, दारू टाळा. रात्री थंडी पडते, त्यामुळे ‘आफ्रिका म्हणजे उकाडा’ समजून नुसते सुती कपडे घेऊन आलेल्यांचे हाल होतात. एक चांगला स्वेटर बॅगेत हवाच. प्रवास विमा घेताना त्यात रुग्णाला विमानानं हलवण्याचा खर्च धरला आहे का ते तपासा, कारण आदिसबाहेर वैद्यकीय सोय तोकडी आहे.

ड्रोन घरीच ठेवा. परवान्याशिवाय आणलेला ड्रोन विमानतळावर काढून घेतात. दुर्बिणीलाही कधी कधी हरकत घेतली जाते.

पैसा

चलन आहे बिर. २०२४ च्या जुलैअखेरीस सरकारनं विनिमय दर बाजारावर सोडला आणि डॉलरला सत्तावन्नच्या आसपास असलेला बिर काही महिन्यांत शंभरीपार गेला. त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांतल्या किमती विसरा. डॉलरच्या स्वच्छ, न फाटलेल्या, नव्या नोटा न्या. बदल बँकेतच करा आणि पावती शेवटपर्यंत जपा. उरलेले बिर परत करताना ती मागतात. रस्त्यावर जास्त दर देणारे भेटतील, पण तो व्यवहार बेकायदेशीर आहे आणि त्यात फसवणूकही होते.

आदिसमधल्या एटीएमवर परदेशी कार्डं चालतात, बाहेर भरवसा नाही. स्थानिक लोक ‘टेलेबिर’ या फोनवरच्या पैशानं सगळे व्यवहार करतात, आपल्याकडच्या यूपीआयची सवय असलेल्यांना ते लगेच कळेल. पासपोर्ट दाखवून सिमकार्ड घेतलं की टॅक्सीची ॲप्सही वापरता येतात. ‘राइड’ आणि ‘फेरेस’ ही तिथली दोन चालती नावं. निळ्या-पांढऱ्या मिनीबस स्वस्त आहेत, पण गर्दीत खिसेकापूही असतात. मेरकातोच्या बाजारात तर पाकीट आणि फोन अंगाशी धरूनच हिंडा.

अंतर्गत विमानप्रवासाबद्दल एक उपयोगी बाब: भारतातून इथिओपियन एअरलाइन्सनंच आला असाल तर देशांतर्गत तिकिटं सवलतीत मिळतात. आरक्षण करताना ते विचारा.

घड्याळ

इथं दिवस सूर्योदयाबरोबर सुरू होतो. आपल्या सकाळच्या सातला तिथं सकाळचा एक वाजतो. आपले दुपारचे बारा म्हणजे त्यांचे सहा. संध्याकाळी सातला पुन्हा एकपासून मोजणी. विषुववृत्त जवळ असल्यानं वर्षभर सूर्य सहाच्या आसपासच उगवतो, त्यामुळे ही पद्धत तिथं अगदी सोयीची आहे. सूर्योदयापासून वार मोजणाऱ्या पंचांगाच्या वाचकाला ती परकी वाटू नये.

हिशोब सोपा: सहा तास वजा करा किंवा मिळवा. काट्यांचं घड्याळ असेल तर तेवढंही नको, तासकाट्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचा. गाडीवाला म्हणाला, ‘उद्या बाराला निघू’, तर तो पहाटे सहाला दारात उभा असणार. म्हणून प्रत्येक वेळ ठरवताना विचारा, ‘इथिओपियन वेळ की परदेशी वेळ?’ हा प्रश्न कुणालाही विचित्र वाटत नाही. विमानं आंतरराष्ट्रीय वेळेनं चालतात. बस, बाजार, चर्च आणि घरची आमंत्रणं बहुधा स्थानिक वेळेनं. भारताची घड्याळं तिथल्यापेक्षा अडीच तास पुढं असतात, घरी फोन करताना तेही ध्यानात ठेवा.

ताट

आफ्रिकेत शाकाहारी माणसाचं काय होणार, ही आपल्याकडची नेहमीची काळजी. इथिओपियात ती सोडून द्या, फक्त एक शब्द पाठ करा: ‘त्सोम’, म्हणजे उपास. इथल्या ऑर्थोडॉक्स तेवाहेदो या ख्रिस्ती चर्चचे अनुयायी दर बुधवारी आणि शुक्रवारी मांस, अंडी, दूध, लोणी यांपैकी काहीच खात नाहीत. ईस्टरआधीचा मोठा उपास तब्बल ५५ दिवसांचा. २०२७ मध्ये ईस्टर म्हणजे ‘फासिका’ २ मे रोजी आहे, तेव्हा ८ मार्चपासून १ मेपर्यंत उपासाचं जेवण जवळपास प्रत्येक खानावळीत मिळेल. ईस्टरनंतरचे पन्नास दिवस सोडले तर एरवीही बुधवार-शुक्रवारी ते हमखास असतं.

मागायचं काय? ‘येत्सोम बेयाइनेतू’. टेफ या बारीक धान्याचं पीठ आंबवून केलेल्या मोठ्या, जाळीदार, आंबटसर ‘इंजेरा’ या धिरड्यावर छोटे छोटे ढीग येतात: मसुराचं तिखट ‘मिसिर वोत’, हिरव्या पाल्याची ‘गोमेन’, कोबी-बटाटा-गाजराची भाजी, बीट, आणि ‘शिरो’. हरभऱ्यासारख्या कडधान्याच्या पिठाचा हा शिरो खाताना पिठल्याची आठवण आल्यावाचून राहत नाही. तिखट ‘बेरबेरे’ मसाल्याचं. त्यात मिरची, आलं, लसूण, मेथी असते. तिथल्या मसाल्यांत ओवा आणि कलौंजीही भेटतात.

दोन इशारे. उपासाचा दिवस नसेल तर शिरोत आणि भाज्यांत मसालेदार लोणी घालतात, आणि कधी शिरोत मांसही असतं, म्हणून ‘त्सोम’ हा शब्द प्रत्येक वेळी वापरा. काही जण उपासाला मासे चालवून घेतात. ते नको असतील तर वेगळं सांगा. जैन किंवा कांदा-लसूण न खाणाऱ्यांना मात्र खरोखर अवघड जाईल, कारण प्रत्येक ‘वोत’, म्हणजे रस्सा, भरपूर कांद्यावरच उभं असतं. त्यांनी घरून कोरडा खाऊ न्यावा. मांसाहारींसाठी ‘दोरो वोत’ हा कोंबडी आणि उकडलेल्या अंड्याचा सणाचा रस्सा अप्रतिम असतो. ‘कित्फो’ आणि ‘तेरे सिगा’ हे पदार्थ कच्च्या गोमांसाचे असतात. तब्येत आणि रिवाज या दोन्ही कारणांनी विचारून मगच मागवा.

जेवण एकाच मोठ्या ताटात, उजव्या हातानं, सगळे मिळून. आधी हात धुवायला पाणी येतं. कुणी घास करून तुमच्या तोंडाशी आणला तर तो ‘गुर्शा’ आहे, आपुलकीची खूण. तो घ्या. नाकारला तर समोरचा दुखावतो. पाणी सीलबंद बाटलीचंच प्या आणि कच्ची कोशिंबीर पहिले काही दिवस टाळा.

कॉफीला वेळ द्या. कॉफीचं झाड मूळचं याच देशातलं, नैऋत्येकडच्या काफा भागातल्या जंगलांत ते आजही रानटी वाढतं. घरी ‘बुना’साठी बोलावलं तर तासभर तरी मोकळा ठेवा. गवत पसरतात, धूप लावतात, हिरव्या बिया समोर भाजतात, धूर पाहुण्यांच्या नाकापर्यंत आणतात, कुटतात आणि ‘जेबेना’ या मातीच्या उभट भांड्यात उकळतात. तीन फेऱ्या होतात: अबोल, तोना, बरका. तिसरी आशीर्वादाची मानतात. पहिल्या कपानंतर उठून जाणं बरं दिसत नाही.

देवळात, म्हणजे चर्चमध्ये आणि मशिदीत

उत्तरेकडच्या प्राचीन अक्सुम राज्याचा राजा एझाना यानं चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि इस्लामच्या पहिल्या अनुयायांना ६१५ च्या सुमारास आसरा दिला तो अक्सुमच्याच पुढच्या एका राजानं. दोन्ही धर्म इथं मुरलेले आहेत. चर्चमध्ये चपला बाहेर काढायच्या, बायकांनी डोकं झाकायचं, खांदे आणि गुडघे सगळ्यांनीच झाकायचे. पुरुष आणि स्त्रियांच्या बाजू बहुधा वेगळ्या असतात. सर्वात आतल्या गाभाऱ्यात पुजाऱ्यांशिवाय कुणालाही प्रवेश नाही. पातळ पांढरी ‘नेतेला’ शाल पहिल्याच दिवशी विकत घ्या, ती सगळीकडं उपयोगी पडते.

लालिबेलात अकरा चर्च अखंड खडकातून कोरलेली आहेत, बाराव्या-तेराव्या शतकातली. जमिनीच्या पातळीवरून खाली खणत जाऊन, भोवतालचा दगड काढून त्यांतली काही उभी केली आहेत. बेते गियोर्गिस हे क्रुसाच्या आकाराचं चर्च त्यांत सर्वात देखणं. कैलास लेणं ज्यानं काठावर उभं राहून वरून पाहिलं आहे, त्याला इथल्या कारागिरांनी काय केलं ते चटकन कळेल. मला तर वेरुळ पाहिलेल्या प्रत्येकानं लालिबेला पाहावं असं मनापासून वाटतं. आत जुने गालिचे असतात आणि त्यांत पिसवा असतात, म्हणून जाड मोजे घाला. अंधारात पायऱ्या असमान आहेत, टॉर्च न्या. परवानाधारक मार्गदर्शक घ्या. वाट चुकते आणि भुयारं बरीच आहेत.

हरारचा तटबंद जुना भाग २००६ पासून जागतिक वारशात आहे. अरुंद गल्ल्या, रंगीत भिंती, ऐंशीहून अधिक मशिदी. शहराबाहेर रात्री तरसांना खाऊ घालण्याची प्रथा आजही चालू आहे.

माणसांशी बोलताना

आडनाव नसतं. स्वतःचं नाव आणि पुढं वडिलांचं नाव, बस. लग्नानंतर बाईचं नाव बदलत नाही. हाक पहिल्या नावानंच मारतात, आदरासाठी आधी पुरुषाला ‘अतो’, विवाहितेला ‘वेझेरो’, अविवाहितेला ‘वेझेरित’ लावतात. ‘सेलाम’ म्हणून सुरुवात करा, मग घरच्यांची, तब्येतीची विचारपूस होऊ द्या. ती वरवरची मानू नका आणि लगेच कामाचं बोलू नका. ‘अमेसेगेनाल्लो’ म्हणजे आभार. लांब आहे, पण परदेशी माणसानं म्हटलं की समोरच्याचा चेहरा खुलतो.

अम्हारिक भाषेची लिपी पाटीवर पाहिली तर घाबरू नका. प्रत्येक व्यंजनाची सात रूपं, स्वराप्रमाणे बदलणारी. बाराखडी शिकलेल्या माणसाला ही रचना पटकन कळते.

‘तुम्ही कुठल्या जमातीचे?’ हा प्रश्न विचारू नका. अलीकडच्या युद्धानंतर तो फार नाजूक आहे. पंतप्रधान, प्रांत, सैन्य यांवर स्वतःहून मत देऊ नका, ऐकून घ्या. उलट ‘तुम्हाला भारतीय शिक्षक होते का?’ असं वयस्कर माणसाला विचारून बघा. सम्राटांच्या काळापासून भारतातून शेकडो शिक्षक इथल्या शाळांत शिकवायला येत, आणि गणित शिकवणाऱ्या भारतीय मास्तरांची आठवण काढणारे अनेक जण भेटतात. त्या शिक्षकांच्या पुण्याईवर आपलं स्वागत होतं.

लालिबेलासारख्या ठिकाणी मुलं ‘शाळेचं पुस्तक घेऊन द्या’ म्हणून दुकानात नेतात, आणि तुम्ही गेल्यावर पुस्तक अनेकदा परत जाऊन पैसे वाटले जातात. रागावू नका, पण देऊही नका. मदत करायचीच तर शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटा.

फोटो विचारूनच काढा. सैनिक, पोलीस चौक्या, सरकारी इमारती, पूल आणि विमानतळ यांचे अजिबात नकोत. ओमो खोऱ्यात फोटोमागं पैसे घेण्याची पद्धत पडली आहे. माणसांना रांगेत उभं करून, मोजून फोटो काढण्याचा तो प्रकार मला सहन होत नाही. तिथं जायचं असेल तर स्थानिक मार्गदर्शकासोबत एखाद्या गावात मुक्काम करा आणि कॅमेरा बराच वेळ पिशवीत राहू द्या.

निघताना

उरलेले बिर विमानतळावर जाण्याआधीच, पावती दाखवून बदला. बाहेर नेण्यावर मर्यादा आहे आणि भारतात ते कुणी घेत नाही. कॉफी भाजलेलीच आणा, कच्च्या बियांना आपल्याकडं वनस्पती विलगीकरणाचे नियम लागतात. जुनी हस्तलिखितं, क्रूस, मूर्ती ‘प्राचीन’ म्हणून विकत असतील तर हात लावू नका. पुरातन वस्तू देशाबाहेर नेणं गुन्हा आहे, आणि त्या बहुधा कुठल्या तरी चर्चमधून चोरलेल्या असतात. चाट नावाच्या ज्या पानांचा हरारमध्ये राजरोस बाजार भरतो, ती भारतात अमली पदार्थ म्हणून पकडली जातात. ओळखीच्या कुणी ‘मुंबईत एवढी पिशवी पोचवा, चहाची पानं आहेत’ म्हटलं तरी घेऊ नका. पिवळं कार्ड सुटकेसमध्ये न टाकता पासपोर्टमध्ये ठेवा, मुंबईत उतरल्यावर इमिग्रेशनच्या आधी आरोग्य तपासणीच्या टेबलावर ते दाखवावं लागतं.